न जमलेला दात

स्पंदनाने दवाखान्याच्या खुर्चीत बसूनच क्लॅरिनेटचे तुकडे जोडले, ते तोंडाला लावलं आणि फुंकर मारली. निघाला तो सूर नव्हता. गंजलेलं दार उघडावं तशी एक किंकाळी निघाली, आणि बाहेर बाकावर बसलेल्या दोघा पेशंटांनी एकदम माना वळवल्या.

"हा दात माझा नाही," ती कन्नडमध्ये म्हणाली.

डॉ. मृण्मयीने मास्क हनुवटीखाली ओढला. तिला वाईट वाटलं, कारण दात फार सुंदर झाला होता. तात्पुरता, प्लास्टिकचा होता, पण कॉम्प्युटरने शेजारच्या उजव्या दाताची आरशातली प्रतिमा काढून तो बेतला होता. दोन्ही दात जुळ्या बहिणींसारखे दिसत होते.

आदल्या संध्याकाळी बन्नूरच्या बसने करकचून ब्रेक लावला आणि स्पंदनाचं तोंड पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. वरचा, समोरचा, डावा दात अर्ध्याहून जास्त तुटला. तुकडा बसच्या गर्दीत कुठे गेला ते कळलंच नाही. रात्रीतून ओठाची सूज उतरली, पण सकाळी नऊला ती म्हैसूरमधल्या कुवेंपुनगरच्या या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली तेव्हा तिचे डोळे लाल होते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पोलीस बँडची चाचणी होती. क्लॅरिनेटच्या जागा दोनच. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या मामाकडे चौदाव्या वर्षी ती शिकायला लागली, त्याला आता सात वर्षं झाली होती. फोनवरून दोन दवाखान्यांत विचारलं, तर दोघांनीही दाताला आठवडा लागेल असं सांगितलं होतं.

"संध्याकाळी देते," मृण्मयी म्हणून गेली, आणि म्हटल्यावर तिलाच धास्ती वाटली.

कारण आतल्या खोलीत आठ दिवसांपूर्वीच दोन नवी यंत्रं आली होती. एक तोंडाच्या आतून दातांचं चित्र घेणारा स्कॅनर, आणि दुसरं त्या चित्राबरहुकूम सिरॅमिकच्या ठोकळ्यातून दात कोरणारं. शिकवायला आलेला कंपनीचा माणूस असेपर्यंत तिने दोन दाढा केल्या होत्या. समोरचा दात, तोही एकटीने, हा पहिलाच. नस उघडी पडली नव्हती, हे नशीब. तिने सकाळीच ओल्या दातांचा रंग तपासून घेतला, मग सुई दिली, दात घासून तयार केला, तात्पुरता बसवला. ओठाची बधिरता जाईपर्यंत दोघींना साडेबारापर्यंत थांबावं लागलं. आणि आता ही किंकाळी.

"मला दाखव, तू ते धरतेस कशी," मृण्मयी म्हणाली.

स्पंदनाने क्लॅरिनेटची चोच, फुंकायचं निमुळतं टोक, पुन्हा तोंडात धरली. मृण्मयीने वाकून ओठ हलकेच वर उचलला. खालचा ओठ दातांवर दुमडलेला होता, पण वरचे दोन दात थेट चोचीवर टेकत होते. निदान टेकायला हवे होते. चोच नव्या दातावर रेलली होती आणि उजव्या दाताखाली कागद सरकेल एवढी फट दिसत होती.

"तुझा जुना फोटो आहे का? हसतानाचा?"

फोनवर होता. भावाच्या लग्नातला. मृण्मयीने तो बोटांनी मोठा केला. डाव्या दाताची कड तिरकी होती, बाहेरच्या बाजूला जराशी झिजलेली. सकाळीही तिने हा फोटो पाहिला होता, आणि तो तिरकेपणा दोष समजून सरळ करून टाकला होता. सात वर्षं त्या चोचीने तो दात रोज थोडा थोडा घासून स्वतःपुरता बेतून घेतला होता, हे आत्ता तिच्या लक्षात आलं.

"नमिता, बारीकातलं बारीक टोक दे."

सहायक नमिताने ड्रिल पुढे केलं. मृण्मयीने कडेवरून केसाएवढं काढलं. स्पंदनाने फुंकलं. किंकाळी आली, पण आखूड. पुन्हा केसाएवढं. आता आवाज आला, पण तो थरथरत होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दर वेळी मृण्मयी ड्रिल बाजूला घेई आणि श्वास धरून उभी राही. किती काढायचं हे तिला कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं. मापायला फक्त कान होता. पाचव्यांदा स्पंदनाने डोळे मिटले, आणि खालच्या पट्टीतला एक सूर असा गोल, भरदार निघाला की नमिताच्या हातातली लाळ ओढणारी नळी तशीच वर राहिली. सूर चढत गेला. वरच्या टोकाला जाऊन, तिथे जरा रेंगाळून, पायऱ्या उतराव्यात तसा खाली आला. बाहेरच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली.

"हाच," स्पंदना म्हणाली. "डॉक्टर, हाच माझा दात!"

"हलू नकोस. आता तो हरवू द्यायचा नाही."

मृण्मयीचे हात भराभर चालायला लागले. स्कॅनरचं टोक आधीच गरम करून ठेवलं होतं, म्हणजे श्वासाची वाफ काचेवर धरत नाही. हवेच्या झोताने दात कोरडे केले. लाळेचा एक थेंब चमकला तरी चित्राला तिथे भोक पडतं. मग मागच्या दाढेपासून टोक सरकवत आणलं, सावकाश, एका लयीत, आधी वरून, मग आतून, मग बाहेरून. पडद्यावर दात उमटत गेले, हिरडी गुलाबी होत आली. घाई केली की चित्र थांबे, टोक मागे नेलं की बिचकलेल्या जनावरासारखं पुन्हा सोबत चालू लागे. तिरक्या कडेचा तो तात्पुरता दात तिने असा पकडला. मग तो काढला, हिरडीत बारीक दोरा सरकवून आतल्या घासलेल्या दाताची कड मोकळी केली आणि त्याचं वेगळं चित्र घेतलं. कॉम्प्युटरने दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवली. आत तयार केलेला दात, बाहेर सुरात लागलेला आकार. मधली जागा जेवढी, तेवढं सिरॅमिक.

कडा सरळ करून घेऊ का, असं यंत्राने पडद्यावर विचारलं. मृण्मयीने नको म्हटलं, आणि तिला उगीचच हसू आलं.

पुढची पंधरा मिनिटं तिघी कोरणाऱ्या यंत्राच्या काचेसमोर उभ्या होत्या. आत पाण्याचे फवारे उडत होते आणि हिऱ्याची दोन टोकं एका ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी कुरतडत होती.

"जांभळा?" स्पंदना ओरडलीच. "मला जांभळा दात?"

"भट्टीत गेला की रंग बदलतो," मृण्मयी म्हणाली. "वांगं भाजल्यावर बदलतं ना, तसं समज."

जांभळा दात कड न कड बसला. तेव्हा मृण्मयीला वाटलं, जिंकलं. तिने त्यावर हलके रंग लावले, भट्टीत ठेवला आणि तिघींनी मिळून नमिताच्या डब्यातला लिंबू पिळलेला चित्रान्न-भात खाल्ला. तीन वाजता भट्टीचं झाकण वर गेलं. दात पांढरा झाला होता. तिने तो थंड होऊ दिला, स्पंदनाच्या तोंडात धरून पाहिला आणि आरसा तिच्या हातात दिला.

आकार तोच होता. पण शेजारच्या दाताच्या आत उजेड मुरल्यासारखा वाटत होता, आणि हा बाथरूमच्या फरशीचा तुकडा वाटत होता.

स्पंदनाने आरसा खाली ठेवला. "चालेल," ती हळूच म्हणाली. "वाजतो ना. तेवढं पुरे."

हे ऐकून मृण्मयीला जास्तच लागलं. ती आतल्या खोलीत गेली आणि फोन हातात घेऊन उभी राहिली. सांगलीहून नवऱ्याच्या नोकरीपायी ती म्हैसूरला आली त्याला आठ वर्षं झाली होती, आणि दवाखाना काढल्यापासून सहा वर्षं तिच्या पेशंटांचा एकेक दात लष्कर मोहल्ल्यातल्या नागोजीरावांच्या छोट्या लॅबमध्ये तयार झाला होता. हाताने, कुंचल्याने, पावडरीचा थरावर थर देऊन. त्यांच्याकडून आलेला दात तोंडात घातला की शोधावा लागे. गेली दोनेक वर्षं तर काम असं येत होतं की तिने दिवाळीला मुद्दाम लिहून कळवलं होतं, तुमच्या हाताला तोड नाही. आणि यंत्र घेतल्याचं मात्र त्यांना आठ दिवसांत सांगितलं नव्हतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिलं होतं.

तिने नंबर लावला.

"नागोजीराव, एक अडचण आहे. म्हणजे, आधी मी तुम्हाला काही सांगायला हवं होतं…"

"मशीनचं ना?" पलीकडून आवाज आला. "कंपनीचा माणूस आमच्याकडेपण येऊन गेला की. बोला, काय बिघडलंय?"

"रंग."

"अर्ध्या तासात येतो. पोरीला जाऊ देऊ नका."

ते रिक्षाने आले, आणि एकटे आले नाहीत. मागून सुती लुगड्यातल्या एक ठेंगण्या बाई उतरल्या, काखेत कापडी पिशवी. नागोजीरावांच्या पत्नी जमुनाबाई. मृण्मयीने त्यांना एकदाच, कुठल्याशा मुंजीत पाहिलं होतं. येता येता बाजार करायचा असेल असं वाटून तिने बाहेरची खुर्ची पुढे केली.

"काकू, तुम्ही बसा ना इथे. चहा सांगते."

जमुनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नागोजीराव मात्र त्या यंत्राच्या काचेपुढे जाऊन उभे राहिले होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"अय्यो, केवढंसं आहे," ते म्हणाले. "मला वाटलं पिठाच्या गिरणीएवढं असेल. चालवून दाखवा की एकदा. नको, आधी काम. डॉक्टर, हिला आत येऊ द्या. काम ही करणार."

"काकू?"

नागोजीरावांनी पाठीमागचे हात पुढे आणले आणि उजवा हात तिच्यासमोर सरळ धरला. बोटं थरथरत होती. फार नाही, पण एका केसाचा कुंचला धरणाऱ्याला पुरे होईल इतकी.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "तुमच्याकडे आलेले दात सगळे हिचे. मी नुसता बाजूला बसून बडबड करतो."

"मी म्हणत होते, डॉक्टरांना सांगून टाका," जमुनाबाई म्हणाल्या. "हे म्हणायचे बेडा, नको. काम बंद झालं तर काय करायचं म्हणून भीती." त्या पहिल्यांदाच मृण्मयीकडे नीट बघून हसल्या. "तुम्हीपण सांगितलं नाही, यांनीपण सांगितलं नाही. आयतु, झालं, फिटलं. दात कुठाय?"

मृण्मयीने दात पुढे केला.

जमुनाबाईंनी पिशवीतून चष्म्याचं जुनं घर काढलं. त्यात चष्मा नव्हता, कुंचले होते. दात खिडकीशी नेऊन त्यांनी तिरपा धरून पाहिला, मग स्पंदनाजवळ येऊन कन्नडमध्ये म्हणाल्या, "बाळ, तोंड मीट. गप्प बस पाव तास. जीभ फिरवत राहा दातांवरून."

"का हो?" मृण्मयीने विचारलं.

"किती वेळ तोंड उघडं आहे तिचं! दात वाळलेत. वाळला दात पांढरा दिसतो. तुम्ही वाळल्या दाताला बघून रंग दिला, अल्लवा, हो ना?"

मृण्मयीने कपाळावर हात मारला. सकाळी तिने ओल्या दातांवर रंग तपासला होता, पण दुपारी घाईत कुंचला फिरवताना ती पाहत होती ते तासभर हवेत राहिलेले दात. हे कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

"आमच्या माहेरी रंगाचं काम," जमुनाबाई सांगू लागल्या. "आजोबा साड्या रंगवायचे. ओलं कापड एक दिसतं, वाळलं की दुसरंच. आजोबा कधी फसायचे नाहीत. मी लहानपणी फसायचे, मार खायचे."

पाव तासाने स्पंदनाने तोंड उघडलं. जमुनाबाई खिडकीच्या उजेडात तिच्या उजव्या दाताकडे इतका वेळ बघत राहिल्या की ती लाजली. मग काचेच्या तुकड्यावर त्यांनी पाच रंग चिमटीचिमटीने कालवले. मुळाशी मधासारखा पिवळा. मधे जवळजवळ काही नाही. कडेला, जिथून उजेड आरपार जातो तिथे, धुरासारखा निळा-करडा, इतका फिका की लावला आहे हे मृण्मयीला कुंचला हलला म्हणूनच कळलं. शेवटी एक पांढरी उभी रेघ.

"ही कशाला? शेजारच्या दातावर अशी रेघ नाहीये," मृण्मयी कुजबुजली.

"आहे. वरच्या अंगाला. तुम्ही बघा."

होती.

"हिच्या डोळ्यांपुढे तुमचं ते स्कॅनर काय," नागोजीराव मागून म्हणाले, आणि जमुनाबाईंनी न वळता "साकु हो, पुरे," असं म्हटल्यावर गप्प बसले.

दात दुसऱ्यांदा भट्टीतून आला तेव्हा साडेचार वाजले होते. मृण्मयीने तो आतून आम्लाने खरखरीत केला, धुतला, चिकटवण्याचं औषध लावलं. सुई घेतली तर ओठ बधिर होईल म्हणून स्पंदनाने नको म्हटलं आणि गार हवेची कळ खुर्चीचे हात आवळून सोसली. निळा दिवा लागला, विझला. जास्तीचं सिमेंट निघालं. आरसा पुन्हा स्पंदनाच्या हातात गेला.

तिने एकदा ओठ वर केला, एकदा खाली. मग मान वळवून विचारलं, "कुठला?"

नमिता खिदळायलाच लागली. पण जमुनाबाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीजवळ येऊन, पदर सावरत, मुलीच्या तोंडात डोकावून बघत होत्या.

"मी कधी बघितलेला नाही," त्या म्हणाल्या.

"काय, काकू?"

"बसलेला दात. आमच्याकडून डबीत घालून जातो. कुणाच्या तोंडात गेला, ती हसली कशी, कोण सांगतंय?" त्यांनी एक बोट पुढे केलं आणि स्पर्श न करता मागे घेतलं. "जिवंत दिसतोय की."

स्पंदनाने उत्तर म्हणून क्लॅरिनेट उचललं. या वेळी तिने सूर लावून पाहिला नाही, थेट वाजवायलाच सुरुवात केली. उद्याचा तुकडा होता तो, जलद, वळणावळणाचा, आणि खोली लहान असल्यामुळे तो भिंतींवरून उड्या मारत फिरला. वाजवताना तिचे ओठ मिटलेले होते. ज्याच्यासाठी दिवसभर धावपळ चालली तो दात कुणालाच दिसत नव्हता. तिला सहाची बस गाठायची होती. जाताना तिने मृण्मयीला हात जोडले आणि जमुनाबाईंच्या पायाला हात लावला.

सोमवारी दुपारी तिचा निरोप आला. पहिल्या यादीत नाव लागलं होतं, निवडलेल्या दोघांत. पुढे कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी होती, पण बँडच्या शिक्षकांनी हातात हात घेतला होता. निरोपाच्या शेवटी दात काढून हसणारा पिवळा चेहरा, एक नाही, अकरा.

मृण्मयीने तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा नागोजीराव आणि जमुनाबाई दवाखान्यातच होते. आता आठवड्यातून तीन दिवस दुपारी यायचं, असं ठरलं होतं. आल्या आल्या जमुनाबाईंनी स्कॅनर शिकायची इच्छा सांगितली होती.

"कुणावर शिकणार? मॉडेलवर?" मृण्मयीने विचारलं.

"मॉडेल कशाला, मी आहे की," नागोजीराव म्हणाले आणि चपला काढून खुर्चीत जाऊन आडवे झाले. मोठ्या ऐटीत त्यांनी तोंड उघडलं.

जमुनाबाईंनी स्कॅनर पेनासारखा धरला. मृण्मयीने त्यांचा हात धरून पहिले दोन दात दाखवले, मग हात सोडला. गरज नव्हती. तो हात न थबकता, न घाई करता चालला होता, आणि पडद्यावर नागोजीरावांचे पानाने तांबूस झालेले दात एकामागून एक उभे राहत होते. "नोडी, नोडी, बघा," जमुनाबाई पुटपुटत होत्या, "हा सुळा तर पडायला आलाय… अय्यो, किती मळ…" नागोजीराव घशातून काहीतरी गुरगुरले. नमिता पोट धरून हसत होती.

वरच्या अगदी शेवटच्या दाढेपाशी टोक पोचलं आणि थांबलं.

मृण्मयीला वाटलं, चित्र अडकलं. पण तसं नव्हतं. ती दाढ पडद्यावर स्वच्छ आली होती. सिरॅमिकची होती, बाकीच्या दातांपेक्षा उजळ, आणि तिच्या माथ्यावरच्या खाचा कुणीतरी फार जपून, जरा जास्तच खोल कोरल्या होत्या. नवशिक्याच्या हातासारख्या. जमुनाबाईंनी टोक मागे घेतलं, पुन्हा त्याच दाढेवरून नेलं. मग तिसऱ्यांदा.

"ही तर," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ही पहिली होती माझी. तुमच्याच तोंडाच्या साच्यावर केलेली. जमली नाही म्हणालात. टाकून दिली म्हणालात."

नागोजीरावांच्या तोंडात स्कॅनर होता. त्यांना बोलता येईना. त्यांनी डोळे तेवढे मिटून घेतले, आणि तोंड मात्र आणखी थोडं उघडलं.